समुद्रकाठचं कस्टर्ड

शुक्रवार, ९ तारीख

निवृत्त होऊन आज सत्तर दिवस झाले. वही मात्र चालू आहे. एकतीस वर्षं अन्न तपासणी खात्यात रोजच्या रोज दैनंदिनी लिहिली, आता एकदम हात थांबत नाही. ही म्हणते, "आता कसली नोंद करता? दूध आलं, दूध उतू गेलं?" म्हणू दे. वही जुन्याच पद्धतीची आहे, पानांवर क्रमांक छापलेले. आमच्या खात्यात खोटी नोंद एकवेळ पोटात घालायचे, पण फाडलेलं पान कधीच नाही.

आजची नोंद. मुलीने जाहीर केलं की रविवारी आपण सगळे समुद्रावर पिकनिकला जायचं. सगळे म्हणजे आम्ही तिघं, शिवाय तो उंट आणि त्याची आई. त्याला उंट मी म्हणतो, मनातल्या मनात. दारातून वाकून येतो आणि आला की सतत काहीतरी चघळत असतो. मुलगी त्याच्याशी लग्न करणार आहे. "करू का" असं विचारलेलं नाही, "करणार" असं सांगितलेलं आहे. आमच्या होकारासाठी ती थांबली आहे एवढंच, तेही हिच्या आग्रहाखातर. हिचा होकार केव्हाच देऊन झाला. राहिलो मी.

शहराबाहेर दीपगृहापर्यंत किनाऱ्याने पायवाट आहे. जाऊन येऊन साडेचार किलोमीटर. सुरुवातीलाच पाटी आहे म्हणे, "सोपी वाट, सर्व वयांसाठी".

त्या आईविषयी चौकशी केली. स्वतःचं किचन आहे, दोन शाळांना दुपारचं जेवण पुरवतात. झालं! असली किचनं मी एकतीस वर्षं आतून पाहिली आहेत. बाहेर पांढऱ्या टोप्या आणि आत सिंकखाली काय काय. माझी मुलगी तिथे सून म्हणून जाणार, तिथलंच खाणार, या विचाराने रात्री ताट अर्ध्यावरच सरकवलं.

मुलगी निजायला जाताना म्हणाली, "बाबा, एक दिवस. एकच दिवस कुणाच्या भांड्यात नाक खुपसू नका. माझ्यासाठी."

मी कबूल केलं. नाक खुपसणार नाही.

शनिवार, १० तारीख

पिशवी भरली. सळईचं थर्मामीटर (निरोपसमारंभात मिळालेलं, माझं नाव कोरलेलं), स्पिरिटच्या बोळ्यांची डबी, नमुन्याच्या सहा बाटल्या, बर्फाचा छोटा फ्लास्क. उकडलेली अंडी सालासकट. केळी. साल असलेल्या गोष्टींवरच माणसाने विसंबावं.

ही म्हणाली, "पिकनिकला चाललोय की धाड घालायला?"

रविवार, ११ तारीख

सविस्तर लिहितो, कारण आजच्यासारखा ओंगळ दिवस बऱ्याच दिवसांत पाहिला नाही.

दहाला पोचलो. वाळूत माणूस माणसाला चिकटून बसलेला. अंगाला तेल चोपडलेले हात तसेच वेफर्सच्या पाकिटात जात होते. एका बाईने पोराच्या तोंडात घास भरवला, तोच चमचा चाटला आणि पुन्हा डब्यात बुडवला. एक कुत्रं एका ताटातून दुसऱ्या ताटात जेवत होतं आणि लोक त्याचे फोटो काढत होते. भरतीने आणून टाकलेल्या शेवाळाचा ढीग कुजत पडला होता, त्यावर माश्या, आणि त्यापासून चार हातांवर एक कुटुंब कलिंगड कापत होतं. सार्वजनिक नळावर कुणी पाय धूत होतं, त्याच्या पायाखालून आलेल्या पाण्यात दुसरं कुणी द्राक्षं. शी! हिला दाखवायला गेलो तर म्हणाली, "समुद्र बघा ना जरा."

उंट त्याच्या आईला घेऊन आधीच आला होता. बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज हळू. मला बघून क्षणभर थांबल्या, मग नमस्कार केला. त्यांनी आणलं होतं फळं घातलेलं कस्टर्ड, बटाट्याचं सॅलड आणि पाव. उंटाने कोळशावर भाजायला मसाला लावलेली कच्ची कोंबडी आणली होती. बर्फाची पेटी एकच. झाकण उघडून बघतो तर कच्ची कोंबडी आणि कस्टर्ड एकाच पेटीत!

डोक्यात तिडीक गेली. मी म्हणालो, "कच्चं आणि तयार एकत्र? आणि तुम्ही शाळांना जेवण देता?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "कोंबडी तिहेरी डब्यात घट्ट बंद आहे, तीही खाली. कस्टर्ड वर आहे. तुम्हाला नको वाटत असेल तर आपण आधी कोंबडी भाजून घेऊ. कस्टर्ड गारच राहू दे."

"आणि भाजलेली कोंबडी दोन तास उन्हात ठेवू? नियम असे नसतात, बाई." मी स्वतः कस्टर्डचा डबा बाहेर काढला, ओल्या टॉवेलात गुंडाळला आणि गाडीच्या सावलीत ठेवायला लावला. सॅलडही त्याच्या शेजारी. मुलगी लाल झाली होती. उंट चघळायचा थांबला होता, हा एक फायदा.

मग तापमानं घेतली. नाक नाही, थर्मामीटर. आधी कोंबडी, कारण चोर असला तर तिथेच असतो. सळई मांसात आतपर्यंत घालावी लागते, तरच आकडा खरा. पाच अंश. मग कस्टर्ड, मधोमध. सहा अंश. मग सॅलड. बारा. प्रत्येक वेळी मध्ये सळई पुसली. स्पिरिटचे बोळे काढायला गेलो तर डबी कोरडी ठणठणीत, बोळ्यांचा नुसता वाळका कापूस झालेला. दुकानदाराला जाब विचारायला हवा. ऑफिसात हे कधी झालं नाही. तिथे मी हात मागे केला की शिपाई बोळा हातात ठेवायचा, मला बघावंही लागायचं नाही. आज रुमालावर भागवलं. रुमाल सकाळचाच, धुतलेला, इस्त्रीचा. मसाल्याचा लाल डाग पडला त्यावर, त्याबद्दल हिचं ऐकून घ्यावं लागेल.

लगेच चार नमुने घेतले. एक कोंबडी, दोन कस्टर्ड, तीन सॅलड, चार पाव. बाटल्या फ्लास्कमध्ये. बाई माझ्या हाताकडे बघत उभ्या होत्या. एकदा काही बोलायला तोंड उघडलं, मग लेकाकडे बघून मिटलं. बहुधा एवढी शिस्त त्यांनी कधी पाहिली नसावी.

साडेदहाला चालायला निघालो. वाट खरंच सोपी. एका बाजूला कठडा आणि खाली खडक, एका बाजूला झुडपं, मध्ये फरसबंदी. झुडपांत लोकांनी काय काय करून ठेवलं होतं ते लिहिण्यासारखं नाही. मुलगी, उंट आणि ही मागे हसत-खिदळत येत होती. मी पुढे, आणि का कोण जाणे, बाई माझ्याबरोबर.

थोडं चालल्यावर म्हणाल्या, "तुम्ही मला ओळखलं नाहीत."

मी म्हटलं, नाही.

"एकोणीस वर्षं झाली. बसस्टँडच्या मागे माझं छोटं दुकान होतं. पाव, अंडी, चहा. हा तेव्हा सहा वर्षांचा. तुम्ही तपासणीला आला होतात. भर दुपारी, दुकान भरलेलं. मला म्हणालात, हात दाखवा. मग म्हणालात, दोन्ही बाजू. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, अंगठ्याचं नख वाढलंय, कापा, मग विका."

मी आठवण्याचा प्रयत्न केला. अशी हजारो दुकानं. म्हटलं, "बरोबरच होतं मग."

"बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "नमुना काढून ठेवायचंही तुम्हीच सांगितलंत. रोज प्रत्येक पदार्थाचा, तारीख-वेळ घालून, तीन दिवस फ्रीजमध्ये. तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही."

आपण शिकवलेलं कुणीतरी एकोणीस वर्षं धरून बसलंय हे ऐकून बरं वाटलं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पुढे त्या माझ्या मागून चालू लागल्या. मला वाटलं, दम लागला असेल.

दीपगृहापाशी बाक होता. बाईंनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं माझ्यापुढे धरलं. त्या हातांनी तासभर कठडे धरले होते. मी मान हलवली. त्यांनी हात तसाच थोडा वेळ ठेवला, मग स्वतःच खाल्लं. मुलीने ते पाहिलं आणि समुद्राकडे तोंड फिरवलं. खाली खडकावर एक माणूस मासे साफ करत होता, आतडी तिथेच भिरकावत होता, पक्षी त्यावर तुटून पडत होते. त्या माणसाने तेच हात पँटला पुसून सँडविच खाल्लं. ओकारी आली.

सव्वाला परत. कोंबडी भाजली, आत अठ्ठ्याहत्तर अंश, उत्तम. मी दोन अंडी आणि केळं खाल्लं. बाकीच्यांनी सगळं खाल्लं. हिने कस्टर्ड दोनदा घेतलं. मुलीने तीनदा घेतलं, तिसऱ्या वेळी माझ्याकडे बघत बघत. बाईंनी स्वतःसाठी शेवटी डब्याला लागलेलं खरवडून घेतलं.

घरी येताना दोघी मागच्या सीटवर बसल्या. खिडकीतून वाळू उडून डोळ्यांत जात होती.

सोमवार, १२ तारीख

पहाटे पाचला ही बाथरूमकडे धावली. सहाला मुलगी. सातपर्यंत दोघींना उभंही राहवेना. उंटाचा फोन, तो आणि त्याची आईसुद्धा आडवे. मी ठणठणीत. जो साल असलेलं खातो तो ठणठणीत राहतो.

सगळं मीच पुसलं. एकतीस वर्षांत लोकांची घाण बघितली, पण बघणं वेगळं आणि गुडघ्यावर बसून पुसणं वेगळं. तीन बादल्या. वास नाकातून जात नाही. हिला दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो एवढा हलका लागला की मी घाबरलो. घाईत कालचीच पँट चढवून गेलो होतो. खिशातल्या रुमालाने तिचं कपाळ आणि ओठ पुसत राहिलो. डॉक्टर म्हणाले, पिकनिकला काही खाल्लं का?

खाल्लं का! मी थेट दवाखान्यातून प्रयोगशाळेत गेलो. तिथला चष्मेवाला माझा पंचवीस वर्षांचा सोबती. चारही बाटल्या त्याच्या टेबलावर ठेवल्या. तिथून जुन्या ऑफिसात गेलो आणि तक्रार लिहून दिली. अर्ज दीड पान झाला. माझ्या जागी आलेल्या नव्या साहेबीणबाईंनी विचारलं, "सर, घरची बाब आहे, नक्की करायचं?"

मी म्हटलं, घरची आहे म्हणूनच.

मंगळवार, १३ तारीख

किचनला सील लागलं. अहवाल येईपर्यंत बंद. दोन्ही शाळांनी जेवण दुसरीकडून मागवलं.

मुलगी भिंतीला धरून धरून माझ्या खोलीत आली. चेहरा पांढराफटक. म्हणाली, "बाबा, त्या स्वतः आजारी आहेत. तशा अवस्थेत उठून त्यांनी सीलवर सही केली. नऊ बायका कामाला आहेत तिथे. कंत्राट गेलं तर परत मिळत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"चारशे मुलं जेवतात तिथलं. तुझ्या आईला सलाईन लागलंय."

"तुम्हाला हे लग्न नको आहे."

मी म्हटलं, लग्नाचा काय संबंध? पण तो आहे. वहीत खोटं कशाला लिहू? मला त्या घरात मुलगी द्यायची नाही आणि त्याला कारण हवं होतं आणि ते कस्टर्डच्या डब्यात मिळालं.

ती म्हणाली, "ठीक आहे. अहवाल येऊ दे. चूक त्यांची निघाली तर मी लग्न मोडते. तुम्हाला परत एक शब्द बोलणार नाही." दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि तुमची निघाली तर?"

"माझी?" मला हसू आलं. ते तिला आवडलं नाही.

शुक्रवार, १६ तारीख

ही घरी आली. पेज घेते आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते.

अहवाल आला. कोंबडीत जंतू भरपूर. कच्ची होती, असायचेच. कस्टर्डमध्ये तेच जंतू, पुष्कळ. सॅलडमध्ये तेच, थोडे कमी. पावात काही नाही.

घ्या! एकाच किचनमध्ये, एकाच ओट्यावर, त्याच सुरीने. डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. कागद मुलीपुढे ठेवला. तिने सगळा वाचला, घडी घातली आणि परत दिला. मग गॅलरीत जाऊन फोन लावला. मला फक्त शेवटचं ऐकू आलं. "नाही रे, त्यांच्यावर राग नाही. मी शब्द दिलाय." नंतर ती बराच वेळ गॅलरीतच उभी होती. मी चहा करून नेला. तिने घेतला नाही.

मी जिंकलोय. घरात कुणी मेल्यासारखी शांतता आहे.

शनिवार, १७ तारीख

अकराला चष्मेवाल्याचा फोन आला. तो सहसा फोन करत नाही.

म्हणाला, "तुझ्या त्या कस्टर्डचा आणखी एक नमुना आलाय."

"कुठून?"

"ऑफिसातून. सील लावताना त्या बाईंनी फ्रीजमधून काढून दिला. रविवारचा, सकाळी साडेसातचा. कस्टर्ड आणि सॅलड, दोन्ही. चिठ्ठी, वेळ, सही, सगळं व्यवस्थित. इतका नीट लावलेला नमुना मी वर्षभरात पाहिला नव्हता."

"मग?"

"स्वच्छ. दोन्ही एकदम स्वच्छ."

मी म्हणालो, प्रवासात कोंबडी सांडली असेल डब्यावर. पेटी एकच होती.

"तिहेरी डबा होता असं तूच तक्रारीत लिहिलंयस. आणि सांडली तर झाकणावर सांडेल, तुझा नमुना मधला आहे." मग म्हणाला, "साडेसातला स्वच्छ आणि साडेदहाला खराब. मध्ये त्या डब्याला कोण शिवलं? तापमानं घेतलीस ना तू? कुठल्या क्रमाने?"

"वहीत लिहिलंय सगळं."

"वाच."

मी पिशवीतून वही काढली, पान एकाहत्तर उघडलं आणि फोनवर वाचायला लागलो. नेहमीच्या आवाजात, नोंद वाचतात तशी. "आधी कोंबडी, कारण चोर असला तर तिथेच असतो. सळई मांसात आतपर्यंत घालावी लागते... मग कस्टर्ड, मधोमध... मग सॅलड... प्रत्येक वेळी मध्ये सळई पुसली. स्पिरिटचे बोळे काढायला गेलो तर..."

पुढे वाचवेना.

चष्मेवाला म्हणाला, "कशाने पुसलीस?"

मी फोन ठेवला.

कोंबडीत जास्त, कस्टर्डमध्ये त्याहून कमी, सॅलडमध्ये आणखी कमी. पावात सळई घातली नव्हती, पावात काही नाही. पहिल्या दिवशी शिकाऊ उमेदवाराला कळेल असा तो अहवाल होता. आणि जवळजवळ तीन तास ते कस्टर्ड उन्हाळ्यात गाडीच्या सावलीत कुणी ठेवायला लावलं? पेटीतून कुणी काढलं? बाई "गारच राहू दे" म्हणत होत्या.

रुमाल शोधला. कपाटात इस्त्री करून ठेवला होता. हिने आजारातून उठून धुतला. लाल डाग अजून फिका फिका दिसतो. याच रुमालाने मी सोमवारी तिचे ओठ पुसले. एकदा नाही, अर्धा तास. तो रुमाल हातात धरून मी बाथरूमच्या फरशीवर बसलो, सोमवारी जी तीन बादल्यांनी पुसली तीच फरशी. आयुष्यभर दुसऱ्यांची नखं बघितली. स्वतःची किळस यायला एकसष्ट वर्षं लागली.

पान एकाहत्तर. चिमटीत धरून बसलो होतो. खरं तेच लिहितो. वही घरची, खात्याची नाही. कुणी मागितलेली नाही. चष्मेवाला मित्र आहे, बोलणार नाही. दोन पानं गेली तर सळई स्पिरिटने पुसली होती असं मी म्हणू शकतो आणि एकतीस वर्षांच्या माणसाचा शब्द कुणी खोटा पाडणार नाही. किचन बंद राहील. लग्न मोडलेलंच आहे.

कागदाला खालच्या बाजूने थोडी चीर पडली आहे. ती दिसते आहे तशी ठेवतो.

रविवार, १८ तारीख

सकाळी दोघींना समोर बसवलं आणि एकाहत्तर ते चौऱ्याहत्तर ही पानं वाचून दाखवली. उंट, साल, ओकारी, सगळं. काही गाळलं नाही. "बहुधा एवढी शिस्त त्यांनी कधी पाहिली नसावी" हे वाक्य दोनदा वाचलं.

ही म्हणाली, "त्या बोलायला निघाल्या होत्या तेव्हा. मी पाहिलं होतं. मीही बोलले नाही. तुमचा स्वभाव!"

मुलगी उठली, चपला घातल्या. मी म्हटलं, "कुठे?"

"त्यांच्या दाराशी. उघडलं तर उघडलं."

"माझी निघाली तर काय, ते सांगितलं नाहीस."

"ते मी कशाला सांगू? तुम्हाला माहीत असायला हवं, बाबा."

संध्याकाळी ती परत आली नाही. तिने हिला फोन करून सांगितलं, उशीर होईल, जेवून येईन. कुठे जेवली ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

सोमवार, १९ तारीख

दहाला जुन्या ऑफिसात गेलो. वही साहेबीणबाईंच्या टेबलावर उघडी ठेवली आणि तक्रार मागे घेत नाही, दुरुस्त करतो, असा अर्ज दिला. दोषी व्यक्ती या रकान्यात माझं नाव लिहिलं. शिपाई तोच आहे. त्याने पाणी आणून दिलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

साहेबीणबाईंनी चारही पानं वाचली. चिरेवर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं. पानांच्या प्रती काढून घेतल्या. बाराला सील काढायचा आदेश निघाला. दोन्ही शाळांना पत्रं गेली. कंत्राटाचं काय ते शाळा ठरवणार, पण पत्रात चूक कुणाची हे स्पष्ट लिहायला मी सांगितलं.

तिथून थेट किचनवर गेलो. पायीच. सील नुकतंच काढलं होतं, दाराच्या कडेला लाखेचे तुकडे पडले होते. आत पाणी मारून घासणं चाललं होतं. नऊ बायका, शिवाय उंट मोठ्या पातेल्यात अर्धा वाकून, शिवाय बाह्या वर केलेली माझी मुलगी. मला बघून सगळ्यांचे हात थांबले. सिंकखाली मी सवयीने नजर टाकली. लख्ख होतं.

बाई पुढे आल्या. आजाराने अंगाने निम्म्या झालेल्या.

मी रस्त्यात वाक्य तयार केलं होतं, ते आठवेना. म्हटलं, "चूक माझी होती. कस्टर्ड तुमचं चांगलं होतं. मी घाण केलं. तुम्हाला दिसत होतं, तरी मी होतो म्हणून तुम्ही बोलला नाहीत. मला माफ करा." पुढे म्हणायचं होतं की मुलीला पदरात घ्या, पण ती तिथे पाटा घासत होती, ते सांगायची गरज उरली नव्हती. "आत येऊ का? मीही घासतो."

त्या म्हणाल्या, "हात दाखवा."

मी दाखवले.

"दोन्ही बाजू."

मी उलटे केले. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक बोट बघितलं, अजिबात घाई न करता. मागे नळ चालू होता तो कुणीतरी बंद केला.

"अंगठ्याचं नख वाढलंय," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू, पण सगळ्यांना ऐकू गेला. भिंतीवर खिळ्याला नेलकटर टांगलेलं होतं, ते काढून माझ्या हातात दिलं. "कापा. मग या."

दारात उभं राहून मी नख कापलं. कान तापले होते. तुकडा खाली पडू नये म्हणून डाव्या मुठीत धरला. अकरा माणसं बघत होती आणि त्यांत माझी मुलगी होती.

नेलकटर परत देताना मी विचारलं, "त्या दिवशी तुमच्या दुकानात गिऱ्हाइकं किती होती?"

"चौदा," त्या म्हणाल्या.